जर्मनीत शिकताना शनिवार-रविवारची सहल: आखणी कशी करायची, आणि काही बिनसलं तर आधी काय करायचं

दर ऑक्टोबरमध्ये नवी मुलं येतात आणि डिसेंबर उजाडेपर्यंत मला तेच ते फोन सुरू होतात. "दादा, टीसीने साठ युरोचा दंड लावला, पण माझ्याकडे तिकीट होतं." "दादा, सीमेवर पासपोर्ट मागितला, माझ्याजवळ फक्त कार्ड आहे." "दादा, मी बाहेर आहे आणि किल्ली आत." यातली बहुतेक मुलं हुशार आहेत, नीट अभ्यास करून इथवर आलेली आहेत. तरी दोन गोष्टी हमखास चुकतात. एक म्हणजे, सहल शनिवारी सकाळी सुरू होते असं त्यांना वाटतं, पण ती गुरुवारी संध्याकाळी सुरू करायची असते. दुसरं, अडचण आली की आधी काय आणि नंतर काय याचा क्रम उलटा होतो. म्हणून हा लेख त्या क्रमानेच लिहिला आहे.

ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो हातात येतात. भाडं आणि विमा गेल्यावर उरलेल्या पैशांत एक दंड आणि एक कुलूपवाला म्हणजे अख्खा महिना कोरडा. तेव्हा हे सगळं वाचायला अर्धा तास गेला तरी जाऊ द्या.

टप्पा १. देश ठरवण्याआधी कागद बघा

जर्मनीचं वैध रेसिडेन्स परमिट किंवा डी व्हिसा (दीर्घ मुक्कामाचा व्हिसा) आणि त्यासोबत वैध पासपोर्ट, या दोन्हींच्या जोरावर बाकीच्या शेंगेन देशांत (आपसातल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांत) कोणत्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस फिरता येतं. 'दोन्ही' हा शब्द मुलं वाचतात आणि विसरतात. परमिटचं कार्ड पाकिटात मावतं, म्हणून तेवढंच घेऊन प्रागला किंवा साल्झबुर्गला निघतात. ते कार्ड एकट्याने प्रवासाचा कागद ठरत नाही. पासपोर्टची झेरॉक्स किंवा फोनमधला फोटोही चालत नाही.

"शेंगेनमध्ये कोण तपासतंय?" हे सीनियरचं वाक्य आता जुनं झालं. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली आणि तिची मुदत पुढे वाढवत नेली. रविवारी रात्री परतीच्या बसमध्ये पोलीस चढतात ते त्यामुळेच. आणि तेव्हा पासपोर्ट वसतिगृहाच्या कपाटात असतो.

देशांचा गोंधळही इथेच मिटवा. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे. आयर्लंड आणि सायप्रस युनियनमध्ये आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटन दोन्हीकडे नाही. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून जमिनीवरच्या सीमांसकट पूर्णपणे आत आले. त्यामुळे डब्लिनचं विमान कितीही स्वस्त दिसलं तरी तिथला वेगळा व्हिसा हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.

परमिटची मुदत संपली आहे आणि नवं कार्ड आलेलं नाही, अशा मधल्या काळात आउसलेंडरबेहोर्डे (परदेशी नागरिकांचं कार्यालय) एक कागद देते: फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. त्यावर रहिवास कायद्याच्या कलम ८१ च्या कोणत्या उपकलमापुढे खूण आहे ते बघा. उपकलम ४ पुढे असेल तर आधीचा परवाना चालू आहे असं धरतात. उपकलम ३ पुढे असेल तर तो कागद दाखवून बाहेरून परत आत येता येत नाही. उपकलम ४ वाल्यांनीही ज्या देशात जायचं आहे तो देश हा कागद मानतो का, हे लेखी विचारून घ्यावं. माझा सल्ला सरळ आहे: कार्ड हातात येईपर्यंत जर्मनीतच फिरा. इथे बघण्यासारखं दोन वर्षांत संपत नाही.

विम्याचंही एक कलम बहुतेकांना माहीत नसतं. सरकारी विमा कंपनीच्या कार्डामागे युरोपियन आरोग्य विमा कार्ड छापलेलं असतं आणि ते युनियनच्या देशांत चालतं. पण भारतीय नागरिकांसारख्या युनियनबाहेरच्यांना ते डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिष्टेनश्टाइन आणि स्वित्झर्लंड इथे वापरता येत नाही. डोंगरातली सुटका किंवा आजारी माणसाला घरी परत आणण्याचा खर्च तर ते कुठेच देत नाही. परदेशप्रवासाचा वेगळा वार्षिक विमा फार महाग नसतो. स्वित्झर्लंडला जाणार असाल तर तो काढल्याशिवाय निघू नका.

तपासणी: पासपोर्ट आणि परमिट दोन्ही टेबलावर ठेवा आणि दोन्हींवरच्या मुदतीच्या तारखा मोठ्याने वाचा. परमिटची मुदत तीन महिन्यांत संपत असेल तर सहलीआधी आउसलेंडरबेहोर्डेची अपॉइंटमेंट मागा.

टप्पा २. आधी परतीची गाडी शोधा, मग जाण्याची

सगळे जाण्याची गाडी शोधतात आणि येताना बघू म्हणतात. आखणी शेवटाकडून करा. सोमवारी पहिलं लेक्चर किती वाजता, त्यासाठी रविवारी किती वाजता घरी पोचायचं, तिथे पोचवणारी शेवटची गाडी कोणती. ती सापडली की तिच्या आधीची गाडी ही तुमची गाडी. शेवटची गाडी गरज पडली तरच. तिच्यावरच बेत बांधला तर एका उशिरानिशी रात्र फलाटावर जाते.

गाडीनंतरची बसही याच हिशेबात धरा. गावातल्या वसतिगृहाकडे जाणारी बस रविवारी तासाला एक असते किंवा रात्री आठनंतर नसतेच. सरकारी सुटीच्या दिवशीही रविवारचंच वेळापत्रक लागतं, आणि सुट्या राज्यागणिक बदलतात. ३१ ऑक्टोबरला उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या राज्यांत सुटी असते, तर १ नोव्हेंबरला बायर्न, बाडेन-वुर्टेम्बर्ग, नॉर्थऱ्हाइन-वेस्टफालिया यांसारख्या राज्यांत. तुमच्या राज्यात दुकानं उघडी असली म्हणून जिथे निघालात तिथेही असतील असं समजू नका.

मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळ एक तास पुढे जातं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही. मार्चच्या त्या रविवारी सकाळी लवकरची गाडी किंवा विमान असेल तर एक तासाची झोप कमीच धरा.

विमानतळांची नावंही फसवतात. 'फ्रँकफुर्ट-हान' फ्रँकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. मेमिंगेनचा विमानतळ म्युनिकच्या नावाने विकला जातो, पण म्युनिकपासून शंभराहून जास्त किलोमीटर दूर आहे. तिथवरची बस, तिचा वेळ आणि तिचं तिकीट जोडल्यावर स्वस्त विमान स्वस्त राहतं का, ते कागदावर मांडून बघा. स्वस्त कंपन्यांच्या विमानांत युनियनबाहेरच्या प्रवाशांचे कागद काउंटरवर तपासून घ्यावे लागतात, हेही विसरू नका. ऑनलाइन चेक-इन केलं म्हणून सरळ सिक्युरिटीच्या रांगेत उभं राहणारी मुलं तिथून परत पाठवली जातात, आणि तोवर काउंटर बंद झालेला असतो.

ठरलेल्या वेळेचं तिकीट असलेली जागा बघायची असेल तर तीही उलट्या हिशेबाने लावा. नॉयश्वानश्टाइनचा किल्ला हे नेहमीचं उदाहरण. म्युनिकहून फ्युसेनपर्यंत गाडीला दोन तास, तिथून होहेनश्वांगाऊला बस, मग अर्धा ते पाऊण तास चढ. आतला फेरफटका ठरलेल्या मिनिटाला सुरू होतो, चुकला तर तिकीट वाया. मी सकाळी अकराच्या वेळेचं तिकीट काढून गेलो होतो, बसच्या रांगेतच अर्धा तास गेला आणि किल्ला बाहेरून बघून आलो. तेव्हापासून अशा जागेची वेळ गाडी पोचल्यानंतर किमान दोन तासांनीच घेतो.

टप्पा ३. तिकीट: इथेच सगळ्यात जास्त पैसे जातात

डॉइचलांडटिकेट जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो आहे. अनेक विद्यापीठांत सेमिस्टर फीमध्येच त्याचं विद्यार्थ्यांसाठीचं स्वस्त रूप मिळतं. त्यावर एस-बान (उपनगरी गाड्या), यू-बान (मेट्रो), ट्राम, शहरातल्या बस, आणि आरबी किंवा आरई अशी अक्षरं असलेल्या प्रादेशिक गाड्या देशभर चालतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि फ्लिक्स कंपनीच्या गाड्या चालत नाहीत. ऐकायला सोपं वाटतं, पण एकाच फलाटावर दहा मिनिटांच्या अंतराने आरई आणि आयसी लागतात आणि दोन्हींच्या पाटीवर शेवटचं स्टेशन एकच असतं. चढण्याआधी पाटीवरची अक्षरं वाचा. ॲपमध्ये गाडी शोधताना फक्त प्रादेशिक गाड्या दाखवणारा पर्याय सुरू ठेवा, म्हणजे निम्मा धोका तिथेच टळतो.

ही तिकिटं नावावर असतात. सोबत फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, स्क्रीनशॉट चालत नाही, आणि फोन बंद पडला तर तुमच्याकडे तिकीट नाही असंच धरतात. दंड ६० युरो. पण तिकीट तुमच्या नावावरचं होतं आणि त्या क्षणी वैध होतं, हे मुदतीत दाखवलंत तर साधारण ७ युरो शुल्कावर सुटका होते. म्हणून टीसीशी वाद घालू नका. तो देईल तो कागद घ्या, त्यावरची मुदत बघा, आणि घरी येऊन त्या कंपनीच्या खिडकीवर किंवा ऑनलाइन तिकीट दाखवा. फोन करणाऱ्या दहापैकी निम्मी मुलं तो कागद रागाने बॅगेत कोंबून विसरलेली असतात. मुदत गेली की पूर्ण रक्कम भरावी लागते.

तारखांचे दोन खड्डे आहेत. विकत घेतलेलं डॉइचलांडटिकेट ही वर्गणी आहे. पुढच्या महिन्यापासून नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं, ११ तारखेला केलं तर आणखी एक महिना कापला जातो. आणि सेमिस्टरचं तिकीट सेमिस्टरबरोबर संपतं. विद्यापीठात ३१ मार्च आणि ३० सप्टेंबरला, बऱ्याच होखशूलेंत (व्यावहारिक शिक्षणावर भर देणाऱ्या उच्चशिक्षण संस्थांत) त्याच्या महिनाभर आधी. नव्या सेमिस्टरची फी भरली तरी नवं तिकीट ॲपमध्ये स्वतः उतरवून घ्यावं लागतं. १ एप्रिलच्या सकाळी जुनंच तिकीट दाखवणारे मी दरवर्षी बघतो.

आता सगळ्यात महाग चूक. लांबचा प्रवास आहे, म्हणून घरापासून मोठ्या स्टेशनपर्यंत डॉइचलांडटिकेटवर जायचं आणि तिथून आयसीईचं स्वस्तातलं, एकाच गाडीला बांधलेलं तिकीट वेगळं काढायचं. प्रादेशिक गाडी पंचवीस मिनिटं उशिरा येते, आयसीई निघून जाते. मुलं म्हणतात, उशीर तर रेल्वेचाच! खरं आहे, पण कायद्याच्या नजरेत हे दोन वेगळे करार आहेत. दुसऱ्या तिकिटाच्या दृष्टीने तुम्ही स्वतःच उशिरा आलात, आणि ते तिकीट बुडतं. यावर दोनच उपाय आहेत: घराजवळच्या स्टेशनपासून शेवटपर्यंत एकच तिकीट काढा, किंवा मध्ये किमान एक तास सोडा. पाच-दहा युरो वाचवायला जाऊन सत्तर-ऐंशी युरोंचं नवं तिकीट काढावं लागलेलं मी पाहिलं आहे.

चार-पाच जण मिळून एका राज्यात फिरणार असाल आणि सगळ्यांकडे डॉइचलांडटिकेट नसेल, तर राज्याचं एका दिवसाचं तिकीट स्वस्त पडतं. बायर्नटिकेटवर पाच जणांपर्यंत जाता येतं. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच लागू होतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत चालतं. त्यावर नावं लिहायची असतात. कोऱ्या तिकिटावर दंड होतो.

शहरातल्या बस-ट्रामचं सुटं तिकीट काढलंत तर त्यावर 'बिटे एंटवेर्टन' असं छापलं आहे का ते बघा. असेल तर चढण्याआधी किंवा चढताक्षणी मशीनमध्ये शिक्का मारायचा. शिक्क्याशिवायचं तिकीट म्हणजे विनातिकीट.

सावधान: गावाचं पूर्ण नाव वाचा. फ्रँकफुर्ट आम माइन पश्चिमेला आहे, फ्रँकफुर्ट ओडर पोलंडच्या सीमेवर. जुनं तटबंदीचं गाव बघायचं असेल तर ते रोथेनबुर्ग ओब डेअर टाउबर. रोटेनबुर्ग आम नेकार हे वेगळंच गाव. हॉस्टेलचं बुकिंग एका गावात आणि तिकीट दुसऱ्या, हे खरोखर होतं.

टप्पा ४. पाकीट एका जागी ठेवू नका

पाकीट, फोन आणि पासपोर्ट एकाच छोट्या बॅगेत, आणि ती बॅग खुर्चीच्या पाठीला अडकवलेली. चोराला याहून सोपं काय असणार? दोन जागा करा. अंगावर: फोन, एक कार्ड, थोडी रोकड. मोठ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात: दुसऱ्या बँकेचं कार्ड, पन्नास युरोची नोट, कागदावर लिहिलेले दोन मित्रांचे नंबर. कागदावरच लिहा, कारण नंबर पाठ नसतात आणि फोन गेलेला असतो. हल्ली बँकेचं सगळं कामकाज फोनमधल्या ॲपवरच चालतं, त्यामुळे फोन गेला की पैसे खात्यात असूनही हाताशी नसतात. म्हणून दुसरं, प्लास्टिकचं कार्ड हवंच. पासपोर्ट शर्टाच्या आत, किंवा हॉस्टेलच्या लॉकरमध्ये. फक्त निघण्याच्या आदल्या रात्रीच तो लॉकरमधून काढून बॅगेत ठेवा.

झेक कोरुना, पोलिश झ्लॉटी, हंगेरियन फोरिंट, स्विस फ्रँक असलेल्या देशात एटीएम विचारतं: युरोत हिशेब करू का? नाही म्हणा आणि नेहमी तिथलं चलन निवडा. युरो निवडले की मशीनवाला स्वतःचा दर लावतो आणि तो तुमच्या तोट्याचा असतो.

युनियनमध्ये फोनचं डेटा पॅक चालतं, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक प्लॅनमध्ये चालत नाही. स्विस सीमेवरच्या कोन्स्टान्झला तळ्याकाठी बसलात तरी फोन पलीकडचं नेटवर्क पकडू शकतो. तिथे डेटा रोमिंग बंद ठेवा.

टप्पा ५. खोली सोडताना

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे. हीटर कमी करा, खिडकी लावा, कचरा बाहेर टाका. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून परतल्यावर खाण्यापुरतं काहीतरी आधीच आणून ठेवा. मोठ्या स्टेशनांतली दुकानं उघडी असतात, पण रात्री दहाला तिथे रांगा आणि चढे भाव.

मग किल्ली. इथली दारं ओढली की आपोआप बंद होतात आणि बाहेरच्या बाजूला मूठ फिरत नाही. एक जादा किल्ली विश्वासातल्या मित्राकडे, वेगळ्या इमारतीत ठेवा. त्याच वसतिगृहात शेजारच्या खोलीत ठेवली आणि तो मित्रही तुमच्यासोबत सहलीला आला, तर उपयोग शून्य.

तपासणी: दार ओढण्याआधी किल्ली हातात धरा. खिशात आहे असं वाटणं पुरेसं नाही.

टप्पा ६. फलाटावर आणि गाडीत

फलाट बदलल्याची घोषणा जर्मनमध्ये होते आणि एकदाच होते. ती कळली नाही तरी फलाटावरची पाटी बघत राहा. चार शब्द ओळखता आले तर निभावतं: 'फेर्श्पेटुंग' म्हणजे उशीर, 'फेल्ट आउस' म्हणजे गाडी रद्द, 'हाल्ट एंटफेल्ट' म्हणजे तुमच्या स्टेशनवर थांबणार नाही, आणि 'शीनेनएर्झात्स' दिसलं की त्या भागात गाडीऐवजी बस. ही बस स्टेशनच्या दारातच उभी असते असं नाही, कधी कधी पाच मिनिटं चालावं लागतं, आणि गाडीपेक्षा ती बराच जास्त वेळ घेते. रुळांची कामं शनिवार-रविवारीच काढतात, म्हणून शुक्रवारी रात्री ॲपमध्ये तोच प्रवास पुन्हा एकदा शोधा.

अर्ध्यात तुटणाऱ्या गाड्यांनी तर कित्येकांना भलत्याच गावी नेलं आहे. म्युनिकहून निघालेली एकच गाडी होल्झकिर्शेनला तुटते. एक भाग बायरिशत्सेलला जातो, दुसरा शाफ्टलाखला पुन्हा तुटून लेंगग्रीस आणि टेगर्नझेला. डबा चुकला तर तळ्याऐवजी भलत्याच डोंगरात उतराल. डब्याच्या दारावरची पाटी आणि आतला स्क्रीन दोन्हींवर तुमच्या गावाचं नाव असेल तरच बसा. चढल्यावर शंका आली तर शेजारच्याला विचारा. जर्मन माणूस स्वतःहून बोलत नाही, पण विचारलं तर नीट सांगतो.

काही छोट्या स्टेशनांवर गाडी बटण दाबलं तरच थांबते. लाल बटणावर 'हाल्ट' लिहिलेलं असतं, आधीचं स्टेशन सुटताच दाबा.

डोंगरात गेलात तर वर पोचताच केबल कारची शेवटची वेळ वाचा आणि तिच्या एक तास आधी परत फिरा. बाकी सगळं दृश्य नंतर.

टप्पा ७. गाडीला उशीर झाला किंवा ती चुकली

आधी पुरावा, मग धावपळ. पाटीचा किंवा ॲपमधल्या उशिराचा स्क्रीनशॉट घ्या, दहा सेकंद लागतात. मग तिकिटाचा प्रकार आठवा.

लांब पल्ल्याचं, एकाच गाडीला बांधलेलं तिकीट असेल आणि मुक्कामी पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल, तर ते बंधन सुटतं. त्याच दिशेच्या दुसऱ्या गाडीने जाता येतं. डॉइचलांडटिकेट आणि राज्याच्या तिकिटाला ही सवलत नाही. प्रादेशिक गाडी बुडाली म्हणून त्यावर आयसीईत चढलात तर तुम्ही विनातिकीट.

६० मिनिटं किंवा जास्त उशिरा पोचलात तर भाड्याचे २५ टक्के परत मिळतात, १२० मिनिटांपासून ५० टक्के. टोकाच्या हवामानासारखे काही अपवाद आहेत. डॉइचलांडटिकेटवर प्रत्येक ६० मिनिटांच्या उशिराला दीड युरो मिळतो, पण ४ युरोंपेक्षा कमी रक्कम देत नाहीत, म्हणून तीन उशीर जमवून एकत्र अर्ज करा. मुदत तीन महिने.

रात्री अडकलात तर टॅक्सीकडे धावू नका. आधी स्टेशनवरच्या रेल्वेच्या माणसाकडे किंवा गाडीतल्या टीसीकडे जा आणि पुढची सोय काय ते विचारा. दिवसाची शेवटची गाडी रद्द झाल्याने मध्यरात्रीपर्यंत पोचता येत नसेल आणि रेल्वेने काहीच सोय दिली नसेल, तर टॅक्सीचे १२० युरोंपर्यंत मागता येतात. पण कोणालाही न विचारता केलेल्या टॅक्सीचे पैसे मिळवणं फार जड जातं. पावती जपा.

टप्पा ८. काही हरवलं किंवा चोरीला गेलं

इथे क्रम पाळा: आधी नुकसान थांबवा, मग नोंद करा, मग नवं मिळवा. घाबरलेला माणूस आधी घरी फोन करतो, नंतर तासभर शोधतो, आणि तोवर कार्डावरून पैसे गेलेले असतात. आईला फोन कार्ड बंद केल्यानंतर करा.

कार्ड: ११६११६ हा नंबर जर्मनीत मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि बहुतेक बँकांची कार्डं बंद करून देतो. परदेशातून +४९ लावून हाच नंबर. तुमची बँक त्यात आहे का, ते आजच बघून ठेवा. जर्मन गिरोकार्ड (इथल्या बँकेचं डेबिट कार्ड) असेल तर आणखी एक पायरी असते. काही दुकानांत पिनऐवजी सहीवर पैसे कापले जातात, आणि ते नुसत्या बँकेच्या बंदीने थांबत नाही. त्यासाठी पोलिसांत 'कूनो' बंदी मागावी लागते. पोलीस स्वतःहून विचारतीलच असं नाही, तुम्ही शब्द उच्चारा.

फोन: दुसऱ्या कोणाच्या फोनवरून तो दूरवरून लॉक करा, मग सिम बंद करा, मग बँकेला सांगा की ॲप असलेला फोन गेला आहे.

पासपोर्ट: जिथे हरवला त्याच देशात पोलिसांत नोंद करा आणि तिची प्रत घ्या. मग भारतीय वकिलात. जर्मनीत बर्लिनला दूतावास आहे, आणि फ्रँकफुर्ट, हॅम्बुर्ग, म्युनिक इथे वाणिज्य दूतावास. तिथे हरवलेल्या पासपोर्टच्या जागी नवा मिळण्यासाठी अर्ज करा. घाईत इमर्जन्सी सर्टिफिकेट मागू नका. ते फक्त भारतात परत जाण्यासाठी असतं, त्यावर जर्मनीत परतता येत नाही. त्यानंतर आउसलेंडरबेहोर्डेला लेखी कळवा. दुसऱ्या शेंगेन देशात असताना पासपोर्ट आणि परमिट दोन्ही गेले, तर त्या देशातल्या भारतीय आणि जर्मन अशा दोन्ही दूतावासांशी बोलल्याशिवाय सीमेकडे निघू नका.

सावधान: हरवल्याची नोंद केलेला पासपोर्ट नंतर गादीखाली सापडला तरी त्यावर प्रवास करायचा नाही. त्याचा नंबर रद्द झालेला असतो आणि विमानतळावर अडवतात.

गाडीत विसरलेली बॅग किंवा जॅकेट: रेल्वेच्या हरवलं-सापडलं पानावर त्याच दिवशी नोंद करा, गाडीचा क्रमांक आणि डबा लिहा. शहरात हरवलं तर नगरपालिकेचं फुंडब्युरो, म्हणजे हरवलं-सापडलं कार्यालय. इथे वस्तू परत मिळण्याचं प्रमाण माझ्या अनुभवात चांगलं आहे. छत्रीसुद्धा मिळाली आहे.

टप्पा ९. दार लागलं, किल्ली आत

रविवारी रात्री अकरा वाजता, थकलेले, सामान हातात. अशा वेळी मुलं फोनवर 'कुलूपवाला' शोधतात आणि सगळ्यात वरच्या जाहिरातीला फोन लावतात. अशा जाहिराती अनेकदा गावातल्या कारागिराच्या नसून दलालांच्या असतात. माझ्या रूममेटकडून दार उघडायला चारशेहून जास्त युरो घेतले, तेही चांगलं कुलूप ड्रिलने फोडून. तेव्हा आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं. हा क्रम पाळा.

१. हाउसमाइस्टरच्या (इमारतीची देखभाल करणाऱ्याच्या) तातडीच्या नंबरवर फोन. तो वसतिगृहाच्या दारावर किंवा करारात असतो. आजच फोनमध्ये घाला.

२. जादा किल्लीवाला मित्र.

३. तो गावाबाहेर असेल तर आज रात्री दुसऱ्या कोणाकडे झोपा. सोमवारी सकाळचा दर रविवारी रात्रीच्या दरापेक्षा पुष्कळ कमी असतो.

४. हे काहीच जमलं नाही तर गावातच पत्ता असलेला कुलूपवाला शोधा. फोनवरच सांगा की दार फक्त ओढलं गेलं आहे, किल्ली फिरवून बंद केलेलं नाही, आणि येण्याजाण्यासकट, सगळ्या करांसकट ठरलेली एकच रक्कम विचारा. ती रक्कम मेसेजवर मागा.

नुसतं ओढलेलं दार जाणकार माणूस बहुतेक वेळा काही न फोडता काही मिनिटांत उघडतो. त्याने येताच ड्रिल काढलं तर थांबवा. ठरल्यापेक्षा जास्त मागितले तर ठरलेली रक्कम द्या आणि उरलेल्यासाठी बिल पाठवायला सांगा. धमकावलं तर पोलिसांना ११० वर फोन करा. नंतर तुमच्या राज्यातल्या फरब्राउखरत्सेंट्राले या ग्राहक केंद्राकडे बिल दाखवता येतं.

किल्ली आत नसून हरवलीच असेल, तर प्रकरण मोठं आहे. वसतिगृहाची किल्ली अनेकदा इमारतीच्या मुख्य दारालाही लागते आणि सगळी कुलपं बदलण्याचा खर्च हजारांत जाऊ शकतो. हाफ्टफ्लिष्ट विमा (तुमच्या हातून दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा) काढताना त्यात दुसऱ्याच्या मालकीच्या किल्ल्या हरवण्याचं कलम आहे का ते वाचून घ्या. आणि हरवल्याचं वसतिगृहाला लगेच लेखी कळवा, लपवू नका.

टप्पा १०. आजारपण

जिवावर बेतलं असेल तर ११२. हा नंबर युनियनच्या सगळ्या देशांत चालतो. ताप, उलट्या, कानदुखी अशा, थांबता येईल पण सोमवारपर्यंत नाही, अशा त्रासाला ११६११७. तिथे सुटीच्या दिवशी कुठला डॉक्टर बसला आहे ते सांगतात. तापासाठी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात गेलात तर सहा तास बसून राहाल. रात्री उघडं असलेलं औषधाचं दुकान कोणतं, याची यादी प्रत्येक औषधाच्या दुकानाच्या दारावर लावलेली असते.

सोमवारी परीक्षा असेल तर डॉक्टरकडे त्याच दिवशी जा. परीक्षा बुडाल्यानंतर चार दिवसांनी आणलेलं सर्टिफिकेट बहुतेक परीक्षा कार्यालयं मानत नाहीत, आणि काहींना ठरावीक नमुन्यातलाच फॉर्म लागतो. तो फॉर्म आधीच छापून ठेवा.

टप्पा ११. सोमवार संध्याकाळ

बॅग उघडण्याआधी पत्रपेटी उघडा. दंडाची, विम्याची, आउसलेंडरबेहोर्डेची पत्रं इथे अजूनही टपालाने येतात आणि त्यातल्या मुदती कडक असतात. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो आणि तुम्हाला कळतही नाही. पोटभाडेकरू असाल तर घरमालकाच्या नावाखाली स्वतःचं नाव चिकटवा, पासपोर्टमधल्या स्पेलिंगनेच.

मग टेबलावर चार गोष्टी काढा: दंडाचा कागद असेल तर तो, उशिराचे स्क्रीनशॉट, टॅक्सीची किंवा हॉस्टेलची पावती, आणि पोलिसांचा नोंद क्रमांक. दंडाचं तिकीट आजच अपलोड करा, कारण त्याची मुदत सगळ्यात लहान असते. उशिराचा अर्ज ॲपमधूनच भरता येतो, दहा मिनिटं लागतात. विमा कंपनीला पोलिसांच्या कागदाची प्रत आजच्याच तारखेने पाठवा. पासपोर्ट परत कपाटात ठेवा, आणि मित्राकडची किल्ली सहलीत वापरली असेल तर ती त्याला परत नेऊन द्या.